कापूस लागला की सांग

समीक्षाच्या डाव्या हातावर रुपयाएवढा फिकट डाग होता आणि दिवाळीनंतर तिचं लग्न होतं. तोवर डाग जावा म्हणून अल्का लेकीला देवरीहून गोंदियाला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली होती. निदान लोकांना तिने तसंच सांगितलं होतं. खरी धास्ती वेगळीच होती. डागावर स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो, असं गावच्या आशाताई म्हणाल्या होत्या.

"डोळे मीट बेटा. कापूस लागला की हो म्हण," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

कापूस डागावर टेकला. समीक्षा गप्पच. लेकीचा उजवा हात अल्काच्या हातात होता. तिने तो हळूच दाबला.

"हो," समीक्षा म्हणाली. पुढे आईने जितक्या वेळा हात दाबला, तितक्या वेळा ती हो म्हणाली.

"घाबरण्यासारखं काही नाही. मलम देते, रंग परत येईल."

बसस्टँडवर अल्काने दोन चहा सांगितले. "आता कायले तोंड पाडून राहिली?"

"अन् डाग नाही गेला त?"

"त हातभर बांगड्या घालजो."

तेवढ्यात चहावाल्याला कुणाचा तरी धक्का लागला आणि कढत चहा नेमका समीक्षाच्या डागावर सांडला.

"जला क्या, बेटी?" त्याने घाबरून विचारलं.

समीक्षाने उत्तर देण्याआधी आईच्या हाताकडे पाहिलं.