अनोळखी बाईची सकाळ

डॉक्टर तडवींनी प्रमिलाबाईंच्या डोक्यावर टोपी बसवली. "एका पेशंटची सकाळ आहे यात. दिसणार काही नाही. तिला जे वाटलं, तेच तुम्हाला वाटेल. मग तिच्या आयुष्याला दहापैकी गुण द्या."

पक्षाघातानंतर प्रमिलाबाईंचा उजवा हात आणि पाय लुळे पडले होते. काल त्यांनी स्वतःच्या आयुष्याला दोन गुण दिले होते आणि हातपाय पुन्हा चालावेत म्हणून मेंदूचं ऑपरेशन मागितलं होतं. त्यात वाचा जाण्याचा धोका होता. त्यांचे यजमान दत्ताराम तेव्हापासून नीट जेवले नव्हते.

टोपीखाली प्रमिलाबाई आधी चिडल्या, मग खुदकन हसल्या आणि बराच वेळ हसतच राहिल्या.

"आठ," त्या म्हणाल्या. "सुखी आहे हो बाई. हातापायांनी धड असणार, नाहीतर एवढं हसू कुठून येतं?"

"ही तुमचीच मंगळवारची सकाळ," डॉक्टर म्हणाल्या. "आठवडाभर मनगटाला पट्टा होता ना, त्यात नोंदली गेली."

प्रमिलाबाई शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, मंगळवारी काय होतं?"

"काही नाही. मी पिठलं केलं, त्यात गुठळ्या झाल्या. तू खुर्चीतून मला शिव्या घालत होतीस."

"आणि तुम्ही म्हणालात, गुठळ्यांचीच भाजी समजून खा."

त्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले.

"मग ऑपरेशनची तारीख देऊ?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको. माझी वाचा गेली, तर यांना भाकरी कोण शिकवणार?"