ताई भांडतच नाही

सलाइनची सुई टोचली तेव्हा सहा वर्षांचा निहार रडला नाही, पण केतकीताईने आपणहून टीव्हीचा रिमोट त्याच्या हातात ठेवला आणि त्याचे डोळे भरून आले.

महिन्यापूर्वीपर्यंत ती त्याला ‘टँकर’ म्हणायची, कारण तो दिवसभर घटाघटा पाणी प्यायचा. त्याच्या डोक्यावरच्या खपल्यांना कोंडा समजून आई तेल थापत होती. डॉक्टरांसमोर केतकीच्या तोंडून ‘टँकर’ निसटलं, तेव्हा आईने डोळे वटारले. डॉक्टर मात्र एकदम सावध झाले. खपल्या आणि तहान ही दोन्ही एकाच आजाराची लक्षणं असतील, म्हणून त्यांनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. हिस्टिओसायटोसिस नावाचा आजार निघाला. “दुर्मीळ आहे, पण औषधांनी मुलं बरी होतात,” ते म्हणाले. तरी त्या दिवसापासून केतकीने चिडवणं बंद केलं.

“ताई, मी मरणार आहे का गं?” निहारने हळूच विचारलं.

“कोण म्हणालं?”

“तू भांडतच नाहीस. काल तर शेवटचं बिस्कीटही मला दिलंस.”

केतकीच्या आत्ता लक्षात आलं. आपण मोठ्या शहाण्यासारखं वागत होतो आणि हा बिचारा त्यामुळेच घाबरला होता. तिने रिमोट हिसकावला. “मरतोयस कसला? गोळ्या खाऊन गाल बघ कसे फुगलेत, नुसता बटाटावडा झालायस. सरक तिकडे, टँकर.”

“आई,” निहार डोळे पुसत, अगदी खुशीत ओरडला, “ताई मला चिडवतेय.”