रविवारची वेणी

आम्ही अमेरिकेत हर्नडनला राहायला गेलो तेव्हा तिथे व्हिस्की फक्त सरकारी दुकानात मिळायची, आणि रविवारी ती दुकानं बंद असायची. सोमवार ते शनिवार संध्याकाळी ह्यांच्यासमोर ग्लास असे. रविवारी मात्र ते सकाळी आमच्या संध्याची वेणी घालत, वाकडी का होईना, आणि सगळ्यांसाठी पोहे करत. दिवस कलला की चहाची कपबशी त्यांच्या हातात वाजू लागे. मी मनात म्हणे, भलं होवो तो कायदा करणाऱ्याचं.

सत्त्याऐंशी साली हे गेले. त्यांचे मित्र नंदूभावजी भेटायला आले, तेव्हा मी म्हटलं, "त्या कायद्यानं आठवड्यातला एक दिवस तरी माझा संसार राखला."



"वहिनी, रविवारची बाटली आम्ही सगळे शनिवारीच घेऊन ठेवायचो. त्यालाही दर वेळी विचारायचो."

"मग?"

"नको म्हणायचा. म्हणायचा, उद्या पोरीची वेणी घालायची आहे."