अस्सल हँडल

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात वकीलसाहेबांची काळी गाडी दरवर्षी भाव खाऊन जायची. मागच्या दारांना आतून हँडलंच नव्हती. "अस्सल मिळत नाहीत आणि नकली मी लावणार नाही," हा साहेबांचा हेका. त्यामुळे तेच बाहेरून दार उघडायचे, मगच बायको उतरायची, आणि बघणाऱ्या बायका म्हणायच्या, "वहिनी, नशीब काढलंत हो!"

आज मात्र अंगातला कोट बायकोच्या मांडीवर टाकून साहेब बाहेर गप्पांत रंगले. आत नुसती भट्टी झाली होती. घाम पुसायला तिने कोटाच्या खिशात रुमाल शोधला, तर हाताला वर्षानुवर्षांच्या घड्यांनी विरलेल्या कापडात गुंडाळलेली हँडलांची जोडी लागली. एक तिने दाराला लावून पाहिलं. चपखल बसलं.

तिने ते काढलं, होतं तसं गुंडाळून खिशात ठेवलं आणि काचेवर टकटक केली, "अहो, जरा दार उघडता का?"