दीड मीटर

कोविडच्या नियमाला वासुदेवकाका एकदम पक्के. बेस्ट नावाच्या गावातल्या त्यांच्या गोदामात दोन कामगार दीड मीटरच्या आत आले, की ते केबिनमधून माइकवर ओरडायचे. सेफ्टी बघणारी उत्तरा त्यांना कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे ब्लीच आणि ॲसिडची पिंपं एकमेकांना खेटून उभी होती.

"काका, हे दोन्ही गळून एकत्र झालं, तर विषारी वायू होईल. किती वेळा सांगू?"

"अगं, सॅनिटायझरचा एवढा माल आलाय, जागा कुठेय? घे जरा सांभाळून. आपलीच माणसं ना आपण!"

उत्तरा तडक केबिनमध्ये गेली आणि माइकवरून तिने सगळ्या कामगारांना रस्त्यापलीकडे जायला सांगितलं.

"हे काय चालवलंयस?" काका खेकसले.

"पिंपांमध्ये अंतर ठेवायला जागा नाही म्हणालात ना? माणसांसाठी तिकडे भरपूर आहे."