कुठलं पान?

बंदी असलेली एक कादंबरी वाचकाला दिली म्हणून तिच्या बाबांची ग्रंथपालाची नोकरी गेली. त्यानंतर ते मरेपर्यंत वाचनालयाच्या बाजूला फिरकले नाहीत. बंदी पुढे उठली. यंदा बाबा गेले, आणि वाचनालयाच्याच वाचन-आव्हानासाठी लेकीने हट्टाने तीच कादंबरी निवडली. दातओठ खात ओळन् ओळ वाचून काढली.

बक्षीस द्यायला नेमके बाबांना कामावरून काढणारे अध्यक्षच उभे होते. तिने हात पुढे केलाच नाही, कादंबरी पुढे धरली.

“काका, यातलं कुठलं पान वाचून तुम्ही माझ्या बाबांना घरी बसवलंत?”



“अगं, वाचत कोण बसलं होतं तेव्हा!” ते मनापासून हसले. “तू वाचलीस ना? मग सांग की, एवढं काय आहे त्यात?”