शंभर टक्के

मोबाइलवरचं गोल चक्र फिरतच राहिलं. दुसरीची एकोणीस मुलं वळवीबाईंभोवती दाटीवाटीने बसून त्याच्याकडे बघत होती. पुस्तकातला कोड स्कॅन केला की किलो आणि अर्ध्या किलोचा व्हिडिओ लागणार, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. आज तिसरा दिवस होता.

"बाई, माझ्या आईकडे तराजू आहे," रोशनी म्हणाली. एरवी ती वर्गात तोंड उघडत नसे.

बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि वर्ग घेऊन रोशनीच्या आईच्या भाजीच्या दुकानावर गेल्या. मुलांनी वांगी तोलली, कांदे मोजले, भाज्यांची नावं पाटीवर लिहिली. गणित, भाषा, परिसर, सगळं एका तासात झालं. चुकणाऱ्यांना रोशनीच समजावत होती.

दुपारी केंद्रप्रमुखांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या शाळेची व्हिडिओ बघितल्याची नोंद अजून शून्य टक्के दिसतेय."

"सर, मुलांना वजन समजलंय. येऊन विचारा."

"मुलांचं ठीक आहे हो. मी वर काय कळवू?"

शाळेत इंटरनेट चालायचं ते फक्त पाण्याच्या टाकीवर, आणि तिथे मुलांना चढवणं शक्य नव्हतं. बाई एकट्याच शिडीने वर गेल्या. टाकीच्या झाकणावर मोबाइल ठेवून त्यांनी व्हिडिओ लावला आणि उन्हात उभं राहून तो संपायची वाट बघितली.

खाली उतरेपर्यंत केंद्रप्रमुखांचा मेसेज आला होता. "शंभर टक्के. अभिनंदन मॅडम, मुलांना असंच शिकवत राहा."